यादीतलं पहिलं नाव

ल्यों, मंगळवार, १९ जुलै १९९४

ती. रेमीदादास,
ओदीलचा सा. न. वि. वि.

ईस्टरनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, माफ कर. जून-जुलैत विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात माझ्या खिडकीसमोरची रांग हटत नाही हे खरं, पण कारण तेवढंच नाही. पेरीन परीक्षा संपवून माझ्याकडे राहायला आली आणि तुला काय लिहावं तेच मला कळेना.

बझाँसोंच्या अभियांत्रिकी शाळेचं बोलावणं आल्याचं तिने तुला फोनवर सांगितलंच आहे. तू म्हणे तुमच्या तंबाखूच्या पाईपच्या कारखान्यात सगळ्यांना वाईन पाजलीस, आणि आता इंजिनियरीणबाई येऊन आपल्याला पाईपला भोक कुठे पाडायचं ते शिकवणार, असं म्हाताऱ्या फेर्नाँने जाहीर केलं. हे मला सांगताना पोरगी हसली, पण ताटातलं तसंच ठेवून उठली. तिला ग्रनोब्लची शाळा हवी होती. धरणं, नद्या, पाण्याचा जोर, हेच शिकायचं म्हणून तिने तयारीच्या वर्गात दोन वर्षं काढली, दर आठवड्याला फळ्यासमोर उभं राहून तोंडी परीक्षेत बोलणी खाल्ली. आता आपली तेवढी लायकीच नव्हती, असं म्हणते आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडते.

दादा, काल तिची मैत्रीण बेराँझेर येऊन गेली. तिला ग्रनोब्लचं बोलावणं आलंय. दोघींची परीक्षा एकच, गुणवत्ता यादीही एकच, आणि बेराँझेर त्या यादीत पेरीनच्या खाली आहे. पेरीनने हे ऐकलं आणि मशीनचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं. मला सोडता येत नाही. नियम साधा आहे. मुलं आपल्या पसंतीच्या शाळा वरून खाली लिहितात. वरून खाली येताना ज्या पहिल्या शाळेला तुमचा क्रमांक पुरतो ती तुम्हाला मिळते, आणि तिच्या खालची सगळी नावं आपोआप पुसली जातात. म्हणजे ग्रनोब्ल वर असतं तर ग्रनोब्लच मिळायला हवं होतं.

प्रवेशाच्या तोंडी परीक्षेसाठी ती पॅरिसला होती तेव्हा पसंती भरायच्या शेवटच्या दिवशी तिने तुला फोनवर क्रम सांगितला आणि तुमच्या घरच्या मिनितेलवर, फोनला जोडलेल्या त्या पडद्याच्या यंत्रावर, तो तू टंकलास. तिने सांगितला तसाच टंकलास ना? पुढच्या मंगळवारी दुपारी बारापर्यंत तिला इथल्या माझ्या मिनितेलवरून होकार किंवा नकार कळवायचा आहे. गप्प राहिलं तर तो नकारच धरतात. तेव्हा लगेच लिही.

मारितेवहिनीला प्रेम. बहिणीच्या शंकेखोरपणावर चिडशील, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
ओदील


सँ-क्लोद, गुरुवार, २१ जुलै

चि. ओदीलस,
अनेक आशीर्वाद.

पत्र कारखान्यात नेऊन वाचलं. मारितेसमोर वाचवलं नाही.

हो, मी बदलला. बझाँसों तिच्या यादीत चौथं होतं, ते मी पहिलं केलं. शाळा चांगली आहे आणि घरापासून जवळ आहे. तिथे ती नक्की लागेल असं तिच्याच सरांनी हिवाळ्यात सांगितलं होतं. मला वाटलं, अवघड शाळा वर लिहिली आणि ती हुकली, तर तोवर सोपीच्या जागा दुसऱ्यांनी पटकावलेल्या असणार आणि माझी पोर रस्त्यावर. आमच्याकडे खात्रीची ऑर्डर आधी हातात घेतात, मग हौसेचं काम. मशीन वरून खाली येतं आणि अवघड नाव वर लिहिल्याने काहीच बिघडत नाही, हे मला कोण सांगणार? तू विद्यापीठात बसून दिवसभर परक्यांच्या पोरांना सांगतेस. आम्हाला पत्र लिहायला तुला ईस्टरपासून जुलै लागतो.

हे रागाने लिहिलं. राहू दे, खोडत नाही.

आता माझं ऐक. तिला सांगू नकोस. बझाँसोंहूनही इंजिनियरच होतात ना? बाकच्या शालान्त परीक्षेनंतर पाच वर्षं, सरकारमान्य पदवी, हे तूच मला नाताळात कागदावर रेघा मारून समजावलं होतंस. तिला कळलं तर ती हट्टाने नकार देईल आणि पुन्हा त्याच वर्गात बसेल. आमच्या समोरच्या ग्राँक्लेमाँचा पोरगा असाच बसला होता. दुसऱ्या वर्षी आदल्या वर्षी मिळालेली शाळाही गेली, आता लों-ल-सोनिएला टायर विकतो. मला माझ्या पोरीचं तसं व्हायला नको आहे. मंगळवारपर्यंत गप्प बस, एवढंच मागतो. पुढे मी काय ते बघेन.

तुझा दादा,
रेमी


ल्यों, शुक्रवार, २२ जुलै

ती. रेमीदादास,
सा. न. वि. वि.

चिडलास ते बरोबर आहे. नियम तुला मी सांगायला हवा होता. मला वाटलं, शाळेने सांगितला असेल. शाळेला वाटलं असेल, घरी कुणाला तरी माहीत असेल. ज्यांच्या घरी आधीच इंजिनियर आहेत त्यांना हे जेवताना कळतं.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि खरं सांगते, गप्प बसावंसं मलाही वाटलं. बझाँसोंची पदवी कायद्याने तेवढीच मोठी आहे. तिथे तिला मित्र मिळतील, ती पुन्हा जेवायला लागेल, आणि दर शनिवारी वसतिगृहातून माझ्याकडे येणारा तो उतरलेला चेहरा आणखी एक वर्ष मला बघावा लागणार नाही. इथवर आले आणि माझ्या लक्षात आलं की या कारणांच्या यादीत सगळ्यात वर मीच आहे, पेरीन नाही. मग स्वतःला असं तपासत कितीही वेळ बसता आलं असतं, म्हणून थांबवलं.

तिच्यासमोर तीन वाटा आहेत. एक, बझाँसोंला होकार. दोन, नकार देऊन तयारीचं दुसरं वर्ष पुन्हा करायचं. तशा मुलांना वर्गात ‘पाच-द्वितीयांश’ म्हणतात. पहिल्यांदा बसणारी ‘तीन-द्वितीयांश’. गणितवाल्यांचा विनोद, तू हसू नकोस. पण त्यासाठी शाळेने पुन्हा जागा द्यायला हवी, आणि पुढच्या वर्षी काय मिळेल याची हमी कुणीच देत नाही. ग्राँक्लेमाँच्या मुलाचं तू लिहिलंस ते खोटं नाही. तीन, आमचं विद्यापीठ. तिची दोन वर्षं धरून तिला सरळ तिसऱ्या वर्षाला घेता येईल. बाक झालेल्या कुणालाही तिथे दार उघडं असतं म्हणून तू त्याला धर्मशाळा म्हणतोस, ठाऊक आहे मला. पण ही वाट आहे.

यातली कोणती बरी, मला माहीत नाही. पण आपली लायकी नाही असं समजून ती बझाँसोंला गेली, तर ती तिची निवड नाही, ती आपली. रविवारी ये. तू नाही सांगितलंस तर सोमवारी सकाळी मी सांगेन. ही धमकी आहे असं समजलास तरी चालेल.

येताना गाडी सावकाश चालव.

तुझी,
ओदील


ल्यों, मंगळवार, २६ जुलै, संध्याकाळ

ती. बाबांस,
पेरीनचा शि. सा. न. वि. वि.

रविवारी तुम्ही आत्याच्या स्वयंपाकघरात उभ्यानेच सगळं सांगून टाकलंत आणि चीजचं पुडकं टेबलावर ठेवून निघालात. मी दार आपटलं. तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

क्रम बदललात, तो मला वाचवायला. ते मला रविवारीच कळलं. राग त्याचा नाही. मी फोनवर रडत होते, मी मठ्ठ आहे असं म्हणत होते, आणि तुम्ही मला नाही गं पोरी, तसं नाही, असं समजावत होतात. तेव्हा तुम्ही यादी बदलल्याचं सांगितलंत असतं, तर मी तुमच्यावर ओरडले असते आणि दुसऱ्या दिवशी जेवले असते. इतके दिवस मी स्वतःलाच दोष देत बसले. हे जायला वेळ लागेल. जाईल.

आज सकाळी काय झालं ते आत्या लिहिते आहे. आईला तुम्हीच सांगा, आणि उभ्याने नको, बसून सांगा.

तुमची,
पेरीन


ल्यों, त्याच संध्याकाळी

ती. रेमीदादास,
सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं एकाच पाकिटात घालते आहे.

सकाळी तिच्या तयारीच्या वर्गाच्या शाळेला फोन केला. प्राचार्य सुट्टीवर. दुसरं वर्ष पुन्हा करणाऱ्यांच्या जागा जवळपास भरल्या आहेत, असं कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, आणि गणिताच्या जाकमे सरांनी शब्द टाकला तर बघू, असं पुटपुटल्या. सरांच्या घरी कुणी फोन उचलेना. अकरा वाजून गेले होते.

पेरीन मिनितेलसमोर बसली. माझ्याकडे न बघताच तिने विचारलं की तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं. मी म्हटलं, मला बझाँसोंचा होकार सुचतो, कारण मी भित्री आहे, आणि म्हणून माझं ऐकू नकोस. ती म्हणाली, आत्या, भित्रेपणात तू आणि बाबा अगदी सख्खे आहात. मी हात मांडीखाली दाबून धरले होते.

तिने नकार टंकला. मशीनने पुन्हा विचारलं, नक्की का. त्यावर खालची सगळी नावं तुम्हीच पुसलीत आणि आता नक्की का विचारता, असं ती पडद्यालाच म्हणाली, आणि बटण दाबलं. तेवढ्याने पडद्यावरून बझाँसोंचं नाव गेलं.

तेव्हा दादा, आज रात्री तुझ्या मुलीच्या हातात एकही शाळा नाही. हे तुला मऊ शब्दांत सांगण्याचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. आत ती उरलेलं बटाट्याचं ग्रातँ भांड्यातूनच खाते आहे, आणि तुझं चीज निम्मं संपवलंय. विद्यापीठाचा अर्ज मी तिच्यासाठी काढून ठेवला आहे, पण अजून दाखवलेला नाही. दाखवला तर पुन्हा मीच तिची वाट ठरवायला लागले असं होईल का, हे मला अजून ठरवता येत नाही.

तुझा राग उतरला असेल तर लिही, नसेल तरी लिही. तुमच्या दोघांच्या जिव्हाळ्याची मला सध्या फार गरज आहे.

तुझी,
ओदील

ता. क. जाकमे सर आत्ताच फोनवर भेटले. उद्या घरी या म्हणाले. उद्याचं काम एकच: सकाळी पेरीनबरोबर त्यांच्या दारापर्यंत जायचं, आणि बोलणं तिच्यावर सोडायचं.