बेसचा कापलेला तळ

प्रिय पापा,

मातादीला म्बुयीकडे खाणंपिणं झकास चाललंय ना? माझी जुळी बहीण स्वयंपाकात माझ्यापेक्षा सरस आहे, हे मी कबूल करते, पण फक्त कागदावर. तिच्या हातचा खारा मासा आणि पोंडूची भाजी खाऊन तुम्ही तिथेच मुक्काम ठोकलात, तर मात्र माझ्याशी गाठ आहे. इथे लेंबात जो तो विचारतो, "जुळ्यांचा बाप परत कधी येणार?" मी सांगते, हवापालटाला गेलेत. कुणाचा विश्वास बसत नाही. भर गाण्यात बेस गिटार खाली ठेवून, बूट चढवून निघून गेलेला माणूस हवापालटाला जातो होय? आणि वर म्बुयीकरवी निरोप, की यापुढे मी वाजवणार नाही म्हणून!

खरं सांगते, फार राग आला होता मला तुमचा. त्या हाय-पास फिल्टरची खटपट मी हौसेनं केली नव्हती. बारच्या मालकीणबाई, आपल्या मामा बोकुंगू, यांनी तंबीच दिली होती. बार त्यांचा, पत्र्याचं छप्पर त्यांचं, आणि तुमच्या बेसनं ते छप्पर असं घुमायचं की टेबलांवरच्या बाटल्या चालायला लागायच्या. "कबांगा," त्या म्हणाल्या, "तू आवाजाच्या बटणांपाशी बसतेस की झोपतेस? गाण्यातला एक शब्द कळेल तर शपथ. नुसती गुरगुर! बापाला आवर, नाहीतर दुसरा बार शोधा." तुम्हाला सांगायला जावं, तर तुम्ही हो हो म्हणून मान डोलवायचात आणि खालच्या सुरांचं बटण आणखी फिरवायचात. आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं?

म्हणून ती पेटी बसवली. अगदी तळाचे सूर अडवायचे, बाकीचे पुढे सोडायचे, एवढंच तिचं काम. आपले गिटारवाले लुबोया काका तिला चाळणी म्हणतात. "बेसमधून बेस काढणार? उद्या फुफूच्या उकडीतून पीठ काढशील!" असं चिडवलं त्यांनी मला. पण त्या रविवारी दुपारी पहिल्याच गाण्याला, गिटार वाजवता वाजवता, त्यांचा जो आ वासला तो मिटलाच नाही. पापा, तुमचा एकेक सूर सुटा ऐकू येत होता, दारावर बोटानं टकटक करावी तसा. दोन सुरांच्या मध्ये तुम्ही ज्या बारीक खोड्या काढता ना, त्या मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकल्या. इतकी वर्षं गुरगुरीखाली गाडल्या गेल्या होत्या त्या! मग गाण्यानं वेग घेतला, नाचाचं सेबेन सुरू झालं, लोक खुर्च्या सोडून उठले, खुद्द मामा बोकुंगू कमरेला कापड बांधून उतरल्या. आणि तेवढ्यात तुम्ही थांबलात. पायांकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि गेलात.

लोक म्हणाले, मुलीनं बापाचा आवाज कापला, मानी माणूस, लागलं मनाला. मलाही तेच वाटलं. म्हटलं, जाऊ दे, म्हातारा हेकटच आहे. आहातच तुम्ही.

मग गेल्या आठवड्यात तालमीच्या वेळी तुमच्या जागेवर मी स्वतः उभी राहिले. बेस वाजवून बघावा म्हटलं, तुमच्यासारखाच, अनवाणी. चाळणी लावली तर सगळं छान, स्वच्छ. काढली तर तळव्यांखालची फळी थरथरायला लागली, थेट गुडघ्यांपर्यंत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कानांत कापसाचे बोळे कोंबले, वरून फडकं गुंडाळलं आणि लुबोया काकांना म्हटलं, वाजवा. त्यांना वाटलं, पोरगी कामातून गेली. पापा, चाळणी नव्हती तेव्हा मला पायांतून ताल सापडत होता. चाळणी लावल्याबरोबर पायाखाली काही म्हणता काही उरलं नाही. मी लगेच चुकले. तुम्ही तर त्या दिवशी थेट सेबेनपर्यंत निभावून नेलंत. तिथेच खाली बसले आणि रडले. काका विचारायला लागले तर म्हटलं, फडकं फार घट्ट झालं.

रडून झालं, मग कामाला लागले. सुताराकडून एक बुटकी, आतून पोकळ चौकी करून घेतली. आपला तो जुना मोठा स्पीकर तिच्या पोटात आडवा बसवला. तुमच्या गिटारचा आवाज आता दोन वाटांनी जातो. लोकांकडे जातो तो चाळणीतून. चौकीत जातो तो न चाळता, सगळा तळ तुमचा एकट्याचा. ड्रमचा पायानं मारायचा ठोकाही त्यातच सोडलाय, म्हणजे तालाची चिंता नको. चौकीखाली जाड रबर घातलंय, त्यामुळे बाकी स्टेज शांत. लुबोया काका वर चढले आणि उडालेच. "अगं, हे तर पोटात वाजतंय! कशासाठी केलंस हे?" मी ठोकून दिलं, पापांचे गुडघे दुखतात, त्यांना शेक मिळतो. मामा बोकुंगूंनी बाटल्यांवर नजर टाकली, एकही हलली नव्हती. म्हणाल्या, "आता म्हाताऱ्याला घेऊन ये. कीबोर्डवर कुणीतरी डाव्या हातानं बेस वाजवतं, त्यावर माझी कंबर हलत नाही."

आता हे सगळं फोनवर का नाही सांगितलं, ते सांगते. तुमच्या फोनची लाइन सारखी खराब असते म्हणता तुम्ही. माझ्याशी बोलताना खराब, म्बुयीशी बोलताना खराब. पापा, लाइन चांगली आहे. मला कळलंय. मी कुणाला सांगितलेलं नाही, म्बुयीलासुद्धा नाही, म्हणून हे पाकीट नीट चिकटवून बसच्या ड्रायव्हरबरोबर तुमच्याच नावानं पाठवतेय. कानांच्या डॉक्टरकडे जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी हट्ट करणार नाही. केला तर थोडासाच करेन. पण लाजून बेस सोडू नका हो. तुमचं वाजवणं मला आत्ता कुठे नीट ऐकू यायला लागलंय आणि मला ते अजून पुष्कळ ऐकायचंय. येणार असाल तर फोन करा. मी काय बोलते ते ऐकायची काही गरज नाही. तुम्ही नुसतं "येतो" म्हणा. मी ऐकेन.

तुमचीच,
कबांगा