रेलिक, रेलिक्ट आणि आमची कुंदा

मी, मधुकर विनायक रिसबूड, वय एकाहत्तर, निवृत्त इंग्रजी शिक्षक, राहणार विलेपार्ले पूर्व, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. तरीही शंका असल्यास पुढील मजकूर वाचून खात्री करून घ्यावी.

१. सोसायटीतील माझे स्वकष्टार्जित दोन खोल्यांचे घर मी माझा दिवंगत मुलगा जयवंत याची पत्नी कुंदा हिला देत आहे. वकिलांच्या इंग्रजी मसुद्यात तिचा उल्लेख जयवंतची ‘रेलिक्ट’ असा होता. हा शब्द आता वापरातून गेला आहे. जुन्या दस्तऐवजांत त्याचा अर्थ विधवा, शब्दशः ‘मागे राहिलेली’. ‘रेलिक’शी त्याची गल्लत करू नये. रेलिक म्हणजे गतकाळाची जपलेली खूण: संताचे हाड, राजाची तलवार, आमच्या कपाटातील जयवंतची बॅट. दोन्ही शब्द एकाच लॅटिन घराण्यातले. कुंदा या दोहोंपैकी काहीही नाही. ती शाळेत भूगोल शिकवते, आमटीत गूळ जास्त घालते आणि माझी मुलगी आहे. मसुद्यात आता एवढेच लिहिले आहे.

२. ‘पुनर्विवाह केल्यास घरावरील हक्क संपेल’ अशी नेहमीची अटही त्यात होती. ती मी काढली. थोरले बंधू भाऊराव समोरच होते.

“मधू, उद्या तिनं लग्न केलं तर घर परक्याचं होईल रे!”

“घर तिचंच राहील. नवरा तिच्याकडे राहायला येईल.”

“लोक काय म्हणतील?”

“लोकांना मी मृत्युपत्रात काही ठेवलेलं नाही, भाऊ.”

३. भाऊरावांना माझी आरामखुर्ची. तीत बसताच त्यांना डुलकी लागते व कुंदाची उलटतपासणी थांबते.

४. सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांची माझी कार्डे, मृत शब्दांच्या डब्यासह, कुंदालाच. तिच्या शाळेतील सहकारी चंद्रप्रकाश कर्णिक दर शनिवारी दिंडोशीहून येऊन ‘कंटिन्युअल’ आणि ‘कंटिन्युअस’ यांतील फरक विचारतात. पहिला थांबून थांबून पुन्हा होणारा, जशी त्यांची दारावरची बेल; दुसरा अखंड, जसे त्यांचे स्वयंपाकघराकडे पाहणे. ‘इंजीनियस’ म्हणजे कल्पक, ‘इंजेन्युअस’ म्हणजे निष्कपट. ते स्वतःला पहिले समजतात. आहेत दुसरे, आणि म्हणूनच मला आवडतात. त्यांनी कुंदाला लग्नाचे विचारले आहे. मला सोडून, हे घर सोडून कसे जायचे, म्हणून ती उत्तर देत नाही. आता काहीच सोडावे लागणार नाही.

५. खाली साक्षीदाराचे एक नाव खोडले आहे, त्याचा खुलासा. आज साक्षीसाठी बोलावलेल्या शेजाऱ्यांना यायला उशीर झाला.

“अण्णा, मी करतो ना सही, पेन आहे माझ्याकडे,” म्हणत चंद्रप्रकाशांनी नाव लिहिलेसुद्धा.

“तुझी नको रे. जिला घर मिळायचं, तिच्या नवऱ्याची साक्ष घेऊ नका, असं वकीलबाईंनी बजावलंय.”

“पण मी कुठे…” एवढे बोलून ते अडकले. कुंदा चहा घेऊन दारात उभी होती. तिने कप टेबलावर ठेवले. मग तीच म्हणाली,

“अण्णा, यांचं नाव खोडा.”

त्याप्रमाणे खोडले आहे.

सही: मधुकर विनायक रिसबूड

आम्हां दोघांसमक्ष सही झाली:
१. ~~चंद्रप्रकाश कर्णिक~~ (म. वि. रि.) धोंडिराम साळवी
२. अंबादास पेडणेकर

विलेपार्ले, १४ डिसेंबर १९८६