व्हर्जिलने मान हलवली तेव्हा

ऑरिन, नेब्रास्का

प्रिय अर्लीन,

व्हर्जिलला पुरून आल्यावर चर्चमधल्या जेवणात तू म्हणालीस, "क्लेम, रविवारी मैदानावर त्याच्या आठवणींच्या कार्यक्रमात त्या शेवटच्या चेंडूची गोष्ट तूच सांगायची हं." तेव्हापासून हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं.

अकरा वर्षं बेसबॉलमध्ये तो चेंडू टाकणारा पिचर आणि मी कोणता चेंडू टाकायचा ते खुणेने सुचवून तो झेलणारा त्याचा कॅचर. बोटं वाकडी झाली माझी, फोटो छापून आले तुझ्या नवऱ्याचे. मला ते फार सलायचं. म्हणून मी गावभर सांगत सुटलो, की अंतिम सामन्यातला तो संथ, वळणारा चेंडू माझ्या डोक्यातून निघाला.

खोटं आहे ते. मी बोटांनी वेगवान चेंडूची खूण केली होती. व्हर्जिलने मान हलवून नकार दिला. मी पुन्हा तीच खूण केली, त्याने पुन्हा मान हलवली. शेवटी चिडून मी त्याला हवी ती खूण केली, आणि आपण जिंकलो.

एकदा न्हाव्याच्या दुकानात मी हीच फुशारकी मारत होतो, तर शेजारच्या खुर्चीत तोंडाला फेस लावलेला व्हर्जिल निघाला! न्हावी त्याला म्हणाला, "काय रे, म्हातारा थापा मारतोय ना?"

"छे! डोकं क्लेमचं, माझा नुसता हात."

त्या दिवसाइतका त्याचा हेवा मला कधीच वाटला नाही.

रविवारी खरं सांगितलं, तर तो आणखी मोठा होणार. हे पत्र टाकायलाही माझा पाय उचलत नाही. माझ्या खुणांना नकार देणाऱ्या त्याने माझ्या एवढ्या मोठ्या थापेवर मात्र जन्मात कधी मान हलवली नाही, अर्लीन.

तुमचा दोघांचा,
क्लेम