बदामाचा खडक

आष्टी, ११ फेब्रुवारी १९७३

अमिग्डलॉइडल! दिवसभर जीभ वळवून पाहतेय. भूजल सर्वेच्या साहेबांनी आमच्या बुद्धवाड्यामागच्या खडकावर हातोडी मारली, हाच शब्द उच्चारला आणि म्हणाले, "सरकारी विहीर इथंच." अर्थ विचारला तर, "खडकाची जात आहे, बाई." आणि बसले जीपमध्ये! म्हणजे खडकालाही सुटका नाही.

सरपंच सर्जेरावांचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्यांना विहीर मारुतीपाशी हवी होती. "खणा. काळा पाषाण लागला की काम बंद. मंग विहीर आमच्याकडं!"

१२ फेब्रुवारी

शाळेच्या कपाटातला जाडजूड कोश काढला. शब्द विशेषण आहे आणि मूळ ग्रीक — बदाम! लाव्हा थंड होताना आत बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या, पुढे त्यात पांढरे खनिज भरले. ते पांढरे गोळे बदामासारखे दिसतात म्हणून खडकाला हे नाव. दुसरा अर्थ डॉक्टरांचा — टॉन्सिलचा!

उर्दू शिकवणारी आमिना हसून हसून आडवी. "गळ्यात बादाम, पत्थरात बादाम, अन् आपल्या डब्यात बिलकुल न्हाई!"

२० फेब्रुवारी

खणाई सुरू. ढिगातला एक बदाम आईला दिला. तिनं चक्क दाताखाली धरला! "ह्याच्याखाली पाणी हाय का, तेवढं सांग." कोशात तेवढंच नव्हतं.

आई अजून गावच्या विहिरीवर घागर घेऊन लांब थांबते. आम्ही पोहरा टाकायचा नाही. तुळजाबाई पाटलीण येतील, मर्जी झाली तर वरून ओततील. आज सकाळ त्यातच गेली. मी मास्तरीण झाले आणि आई तिथंच उभी! भयंकर राग येतो.

६ मार्च

कोरडं. सर्जेराव रोज डोकावतात.

१४ मार्च

बदाम संपले. तळाला काळा पाषाण दिसू लागला. जेवले नाही. सर्जेराव म्हणे उद्या काम थांबवणार. आमिनानं फार विनवलं तेव्हा कबूल झाले — एक शेवटचा सुरुंग.

१५ मार्च

पाणी!!! बदाम संपतात आणि पाषाण सुरू होतो, बरोबर तिथून झरा फुटला! पहिला पोहरा आईनं ओढला. अर्धं पाणी माझ्याच डोक्यावर ओतलं — वेडी!

२ एप्रिल

गावची विहीर आटली. संध्याकाळी तुळजाबाई घागर घेऊन आमच्या विहिरीवर आल्या आणि लांबच थांबल्या. आईनं पोहरा त्यांच्यापुढं धरला. "लांब का उभ्या, पाटलीणबाई? या. तुमच्या हातानं ओढा."