बांध गेला त्या सालची ओळ

३ नोव्हेंबर २०२४, रोहा
डबा बडवल्याचा आवाज. तीस वर्षं झाली. पहाटेची भरती, आणि राखणदार पुंडलिक पत्र्याचा डबा बडवत बांधावरून धावतोय— "उठा रे, बांध गेला!" पेणच्या खाडीकाठचं आमचं गाव, कापणीला आलेलं भात, सगळं खाऱ्या पाण्यात.
आज हे कानात यायचं कारण आहे. गावाची स्मरणिका निघतेय. बांधाचा इतिहास मी लिहायचा.

४ नोव्हेंबर
नातीनं, नम्रतानं दिलेलं पुस्तक सोडवत नाही. चीनमधल्या एका लहान राज्याची अडीच हजार वर्षांपूर्वीची बखर. साल, ऋतू, एक ओळ. एका शरदात नुसते टोळ येतात— संपलं! मग पंडित पिढ्यान्‌पिढ्या त्या ओळीवर भाष्य करत बसले. हेच का लिहिलं? ते का गाळलं? गाळणं हाही निवाडाच, म्हणतात. चार ओळींच्या कवितेचं चार तास रसग्रहण करणारा मास्तर मी. ही माणसं ओळखीची वाटली.

६ नोव्हेंबर
गावची जुनी नोंदवही काढली. माझंच वळणदार अक्षर: "१९९४, कार्तिक. बांध गेला. राखणदार पुंडलिकाची हयगय."
यात गाळलेला कोण? माझा थोरला भाऊ, नाथादादा. सरपंच होता. कोळंबीच्या तळ्यात खारं पाणी घ्यायला त्यानंच बांधाला चर पाडला. पाणी आवरलं नाही. मला म्हणाला, "मास्तर, तुझं अक्षर चांगलं हाय. तूच लिव."
लिहिलं. पुंडलिक गाव सोडून लांबच्या मिठागरावर गेला, तिकडेच वारला. आता दादाही नाही.

७ नोव्हेंबर
एक ओळ लिहिली. खोडली.

८ नोव्हेंबर
दादाच्या मुलाला, सुजयला, आधी सांगावं म्हणून फोन केला.
"काका, मेलेल्यांची भांडणं कशाला? कोळंबी तुम्ही पन खाल्लीत ना?"
खाल्ली होती. गोड लागली होती.
"आईचा तरी विचार करा. ती गावात तोंड कसं दाखवंल?"
इथे माझा हात थांबतो.

९ नोव्हेंबर
भाष्यातली हकीकत. सरदारानं राजाला मारलं. दरबारी लेखकानं तसं लिहिलं. सरदारानं त्याचा जीव घेतला. त्याच्या भावानं तेच लिहिलं, तोही गेला. आणखी एक गेला. पुढच्या भावानंही तेच लिहिलं, तेव्हा सरदार थकला.
तिथे भावांनी एका ओळीसाठी जीव दिले. मी भावासाठी पुंडलिक दिला.
लिहिलं: "१९९४, कार्तिक. सरपंच नाथा यानं बांध फोडला. पुंडलिकानं गाव जागं केलं. खोटी नोंद मी केली." उद्या पाठवतो.

१० नोव्हेंबर
दुपारी दार वाजलं. सरूवहिनी— दादाची बायको. गुडघ्यांमुळे वर्षभर अंगण न ओलांडलेली बाई पेणहून एसटीनं एकटी आलेली. पाणीही घेतलं नाही.
"भावोजी, लिवलंत काय?"
मी होकारार्थी मान हलवली.
"मग माझं नाव पन घाला. चर खणताना कंदील मी धरलेला."