रात्रपाळीच्या घरातली दुपार

जेलरोड, नाशिकरोड
मंगळवार, ११ नोव्हेंबर २००३

चि. धनराज यास,

आशीर्वाद लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. इकडे सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा थंडीत धरतो, बाकी तक्रार नाही. माझ्या वेदिकाला सहामाहीत गणितात बरे मार्क पडले. भाऊबीजेला तू आला नाहीस, साडी मात्र वेळेवर आली. तिची घडी मी अजून मोडलेली नाही. मोडेन असं वाटत नाही.

सिनेमा पाहून काय वाटलं ते सविस्तर कळव, असं तू फोनवर म्हणाला होतास. सांगायला लागले की 'ताई, तुला सिनेमाची भाषा कळत नाही' म्हणून मधेच तोडतोस. पत्रात तसं तोडता येत नाही, तेव्हा लिहून कळवते.

रविवारी सकाळी कॉलेजरोडच्या तुझ्या त्या फिल्म क्लबात आम्ही तिघी गेलो. आई, मी आणि कलामावशी. एकलहऱ्याला वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये आपल्या भिंतीला भिंत लागून होती तीच कलामावशी. तिला बोलवायचं कारण नव्हतं, पण धनूचा सिनेमा म्हटल्यावर ती पहाटेच तयार होऊन बसली. मी नेहमीसारखी आईच्या उजव्या हाताला बसले.

पहिलीच पाटी आली, 'अण्णांना, ज्यांच्यामुळे मी शांतता ऐकायला शिकलो.' ती वाचून माझं पुढच्या दहा मिनिटांकडे लक्षच नव्हतं.

भरदुपारी काळोख करून ठेवलेलं घर. खिडक्यांवर ओल्या घोंगड्या, दाराच्या कडीला लाल फडकं. घरात एक बाई आणि तिचा लहान मुलगा, तिसरं कुणी नाही. बाई बोलत नाही, ओठांवर बोट ठेवून फिरते. मुलगा हसला की त्याचं तोंड दाबते. शेवटी त्याला ओट्याखालच्या कपाटात कोंडते, दाराला पाठ लावून बसते आणि हसते. मग ठोके सुरू होतात. दारावर कुणीतरी आपटतंय, पण आतून की बाहेरून ते तू दाखवलंच नाहीस.

लोक घाबरले. हे तुला हवं होतं, तर ते झालं. माझ्या पुढच्या रांगेतली एक मुलगी डोळे झाकून बसली होती.

नंतर चर्चा झाली. एक मनोविकारांचे डॉक्टर म्हणाले की ठोके त्या बाईच्या डोक्यातले आहेत, ती आजारी आहे आणि घर म्हणजे तिचं मन. कॉलेजच्या एका मुलाने सांगितलं, ही सरळ करणी आहे, कडीचं फडकं बघा. एका बाईंचं म्हणणं पडलं की मूल पहिल्यापासून मेलेलंच आहे. एक गृहस्थ आईच्या नात्याची विटंबना केली म्हणत चिडून निघून गेले, आणि जाताना छत्री विसरले. शेवटी क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, ठोके कुणाचे ते दिग्दर्शकाने मुद्दामच उघड केलेलं नाही, ते प्रेक्षकांनी ठरवायचं आहे. त्यावर टाळ्या पडल्या.

कलामावशी तेवढी हसली. फडकं पडद्यावर आलं तेव्हाच हसली होती, आणि चर्चेत पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "करणी कसली रे पोरा? रात्रपाळीचं फडकं हाय ते. आमच्या कॉलनीत लय दारांना असायचं."

त्या मुलाला काही कळलं नाही. तुला तरी कळतं का, असा मला प्रश्न पडला.

मालक रात्रपाळी करून सकाळी येऊन झोपला की बाईने कडीला फडकं बांधायचं. ते दिसलं की दूधवाला, भाजीवाली, शेजारीण, कुणीच दार वाजवायचं नाही. उन्हाळ्यात खिडकीवर घोंगड्या ओल्या करून टाकायच्या, म्हणजे उजेड थांबतो आणि हवा जरा थंड येते. पोरांनी दबक्या आवाजात खेळायचं. कॉलनीतल्या निम्म्या बायकांनी हे केलं, धनराज. तू त्या घरातून झोपलेला माणूस काढून टाकलास आणि उरलेल्याला भयपट म्हणालास.

आई सबंध वेळ मांडीवर हात ठेवून बसली होती. बाहेर आल्यावर तीनच शब्द बोलली, "फोटो छान आलेत." तुला ऐकायचं होतं ना तिला काय वाटलं, तर हे.

येत्या तेवीस तारखेला तू हाच खेळ कॉलनीच्या हॉलमध्ये लावणार आहेस, अण्णांच्या फोटोला आईच्या हातून हार घालून. तो रद्द कर. मी विनंती करत नाहीये.

बुधवार

काल इथपर्यंत लिहून पाकीट बंद करणार होते. आज सकाळी तुझा फोन आला. खेळ रद्द होणार नाही, कॉलनीत पत्रिका गेल्या, आणि आईला हार घालायला आनंदच आहे, असं तू म्हणालास. तेही चाललं असतं. मग म्हणालास, "ताई, अण्णा देवमाणूस होते. आईचंच डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं, हे तुलाही माहीत आहे."

मी फोन ठेवला. आई समोर वाटाणे सोलत होती. तुझा आवाज तिला ऐकू गेला नाही, कारण रिसीव्हर तिच्या डाव्या बाजूला होता.

तिचा डावा कान लहानपणी पाणी जाऊन गेला, असं तुला सांगितलेलं आहे. आपल्या घरात सगळ्यांना तसंच सांगितलेलं आहे.

तू बालवाडीत होतास, मी तिसरीत. उन्हाळ्याची सुट्टी होती. अण्णा तिसरी पाळी करून आले होते. बॉयलरवरून आलेला माणूस चिडलेला असतो, हे मी समजू शकते. कलामावशीचा नवराही बॉयलरवरच होता आणि तोही चिडायचा. उठून शिव्या द्यायचा, पाणी प्यायचा, परत झोपायचा. आपल्याकडे तसं नव्हतं.

स्वयंपाकघरात तू ताटल्यांची आगगाडी केली होतीस. ती ओट्यावरून खाली आली. सगळ्या ताटल्या फरशीवर.

आतली कॉट करकरली. आईने तुझ्या तोंडावर हात ठेवला, ओट्याखालच्या कपाटात तुला घातलं, दार लावलं आणि दाराला पाठ लावून बसली. अण्णा दारात आले तेव्हा ती म्हणाली, "माझ्या हातून पडल्या." तुझं नाव निघालं नाही. पुढे जे झालं ते मी मोरीच्या उंबऱ्यावरून पाहिलं. ते मारत होते आणि तिचं डोकं कपाटाच्या दारावर आपटत होतं. ती सरकली असती तर दार उघडलं असतं. ती सरकली नाही.

ते ठोके तुला इतकी वर्षं बरोबर आठवतात. किती अंतराने पडले, मधे केवढी शांतता होती, सगळं तसंच आहे सिनेमात. मला खुर्चीत बसवेना. त्या डॉक्टरांना, त्या मुलाला, सगळ्यांना ठरवू दिलंस की ठोके कुणाचे. मला कधी विचारलं नाहीस.

आणि तिचं हसणं. त्या सगळ्यानंतर अण्णा पुन्हा जाऊन झोपले. मग तिने दार उघडलं आणि तुझ्याकडे बघून हसली. तू रडलास तर ते परत उठतील, म्हणून हसली. तिचा एक हात कानावर होता. तुझ्या सिनेमात तो हात नाही.

हे तुला कधी कळवायचं नाही, असं तिने मला अण्णा गेले तेव्हा बजावलं होतं. रविवारी परतताना रिक्षात पुन्हा बजावलं. म्हणाली, "त्याला अण्णांचं ते आठवत नाही. बरं झालं. पोराला बाप चांगलाच आठवावा." मी म्हटलं, अगं, पण तू कशी आठवतेस त्याला ते आत्ताच बघितलंस ना. घरी आल्यावर, चपला काढताना, तिने मला विचारलं, "मीने, मी इतकं दाबायचे का गं त्याचं तोंड? त्याला श्वास तरी यायचा ना?"

तेव्हापासून हेच चाललंय. मधेच उठते आणि विचारते. काल वेदिकाला जवळ घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. तेवीस तारखेला नेसायची साडी मात्र मला इस्त्रीला टाकायला सांगितली. ती जाईल. कॉलनी बघत असताना पडद्यावर तिचं भूत नाचेल, आणि मग ती उठून अण्णांच्या फोटोला हार घालेल. तू म्हणतोस तसा आनंदाने नाही. तू बोलावलंस म्हणून.

तू कलावंत आहेस, तुझ्यावर पेपरात छापून येतं. त्यातलं मला कळत नाही, हे खरं. ठोके कुणाचे तेवढं कळतं.

खेळ रद्द केल्याची तार किंवा फोन नको. स्वतः ये. आई दुपारी गॅलरीत ऊन खात बसते. तिच्या डाव्या बाजूला बस आणि माफी माग, जेवढी मागता येईल तेवढी. ती तुझ्याकडे बघून हसेल. तिला त्यातलं काही ऐकू आलेलं नसेल.

मग उठून उजव्या बाजूला जायचं की नाही, ते दिग्दर्शकाने ठरवावं.

मीना
(खाली 'तुझी ताई' लिहिलं होतं, ते खोडलं आहे. ये, मग बघू.)