गुळाची बोटं

येळवस (वेळा अमावस्या), १६ डिसेंबर २००९
औराद

सकाळी मायची शुगर तपासली. मीच पुण्याहून आणलेली मशीन, पहिलीच वेळ. तीनशे बारा. शेतावर न्यायच्या खिरीसाठी ती पहाटेपासून गूळ फोडत बसली होती, तशीच उठून तिनं बोट पुढं केलं. आकडा बघून मी सगळ्यांसमोर ओरडलो, "चोरून गूळ खायलीस ना?"

"न्हाई रे," म्हणाली. मग मशीनकडं बघत, "खाल्लं असंल बाबा. मशीन कामून खोटं बोलंल?"

शेतात तिनं सगळ्यांना खीर वाढली आणि स्वतः भज्जी-भाकरीवर उठली. एकदा वाटीकडं हात गेला होता तिचा. मी नुसतं बघितलं. तेवढंच पुरलं.

संध्याकाळी घरी उरलेली खीर मी बोटांनी चाटूनपुसून खाल्ली आणि गंमत म्हणून स्वतःचं बोट टोचलं. दोनशे नव्वद. घामच फुटला. अक्का म्हणाली, "हात तरी धुतलास का?" धुऊन पुन्हा बघितलं, एकशे अठरा.

तिथंच मायची बोटं आठवली. गुळानं चिकटलेली. मशीन देताना दुकानदारानं आधी हात धुवायला सांगितलं होतं का? होतं. दोनदा सांगितलं होतं.

आत्ता ती ओसरीवर शेजारच्या काकूला सांगायलीय, "लेकानं असली मशीन आणलीय, माझी चोरी धरली बघ." कौतुकानं सांगायलीय. उठून खरं सांगावं, तर वाटीभर खीर तरी हातात पाहिजे. ती मीच संपवली.